रिझ्युममधली तीन वर्षं

पहिली चूक मला जीपमध्ये बसल्यावर सापडली. जीप भरून सुटेपर्यंत पाच झाल्या होत्या.

कर्जत स्टेशनजवळ एका जिन्यावरच्या गाळ्यात अक्षय नावाचा एक जण रिझ्युम करून देतो. साधा नाही, प्रोफेशनल. पाटीवरच तसं लिहिलंय. पंधराशे रुपये आधी घेतो आणि तीन दिवसांनी जाड कागदावर रंगीत प्रिंट काढून फोल्डरात घालून देतो. मी चौकहून दोन खेपा घालून त्याच्यासमोर बसले होते, आधार कार्ड, बारावीची मार्कशीट, पीएफचा नंबर, सगळं दिलं होतं. आणि आता फोल्डरात कोण होतं? उज्वला मिलिंद गायकवाड, वय चौतीस, राहणार पळसदरी. पळसदरीला माझं कुणीही राहत नाही. खाली वाचलं तर मी अविवाहित. छंद पोहणे आणि ट्रेकिंग. मला विहिरीत वाकून पाहिलं तरी गरगरतं. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जर्मन.

"लग्नाचं हाय का?" शेजारच्या बाईने डोकावून विचारलं.

"नोकरीचं."

"मंग फोटू येवढा मोठा कशाला लावलाय?"

माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. नजर अजून खाली गेली होती आणि तिथे सहावी चूक होती. बाकीच्या पाचांवर मी हसलेही असते एखादे वेळी. ही तशी नव्हती. एकूण अनुभव, चार वर्षे.

खालापूरकडच्या नव्या औषध कंपनीत लाइन चेकरची जागा निघाली होती. कंपनीची जागा, ठेकेदाराची नाही. बस, कॅन्टीन, आजारपणाची रजा आणि दर अकरा महिन्यांनी घरी बसवणं बंद. जाहिरातीत अट एकच मोठी होती: पॅकिंग लाइनवर किमान पाच वर्षांचा अनुभव. मला सात वर्षांचा होता. मुलाखत गुरुवारी, आणि त्या दिवशी मंगळवार होता.

जीप कर्जतच्या बाहेर पडली होती. मी फोल्डर उघडत होते, मिटत होते, परत उघडत होते, जणू मधल्या काळात चारचे सात होणार होते.

"थांबव रं जरा," मी ड्रायव्हरला म्हणाले.

"आत्ता तर बसलात."

"आता उतरायचंय."

त्याने भाडं पूर्ण घेतलं. मी उन्हातून तरातरा परत चालत निघाले. वाटेत मनातल्या मनात अक्षयला जे काय बोलून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अक्षय जेवत होता. तिशीचा असेल, चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी फोल्डर त्याच्या डब्याशेजारी आपटलं.

"मला जर्मन येतं?"

त्याने हात पुसला, पाहिलं आणि तोच कपाळावर मारून घेतला. "सॉरी ताई. आधीच्या कस्टमरचं तसंच राहिलं. पळसदरीचा एक मुलगा होता, हॉटेल लाइनचा. मी फाइल त्याच्यावरच बनवली."

"म्हणजे पंधराशे रुपये त्या पोराच्या अंगरख्यात मला घालायचे घेतलेत?"

"आत्ता दुरुस्त करतो, बसा तुम्ही." माणूस तसा वाईट नव्हता. डबा बाजूला सारून त्याने भराभर सगळं नीट केलं. चौक आलं, विवाहित आलं, पोहणं गेलं, जर्मन गेलं. मी बसले नाही. त्याच्या खुर्चीमागे उभी राहून बघत होते.

"आता अनुभव," मी म्हणाले. "सात वर्षं लिहा. मी तुम्हाला सात सांगितली होती."

"ते मी मुद्दाम बदललं."

"मुद्दाम?"

त्याने माझं पीएफचं पान उघडलं. "हे बघा. जानेवारी दोन हजार एकवीसला तुमचं खातं सुरू होतं. या जानेवारीपर्यंत चार वर्षं. त्याआधी तुमच्या नावावर कुठेच काही नाही. कंपन्या हेच बघतात. तुमची मोजण्यात काही गडबड झाली असेल असं वाटलं मला."

मोजण्यात गडबड. मी तीन वर्षं पहाटे साडेपाचला चौकच्या नाक्यावर बसची वाट बघत उभी राहिले होते. पण त्याला काय सांगणार? त्याची सहावी चूक त्याची नव्हतीच. ती आमच्या घरची होती.

आमच्याकडे जागा राखतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट राखतात ना, तशी. घरातल्या एका बाईला कंपनीत ठेकेदाराकडून जागा मिळाली की ती एका बाईची नसते, घराची होते. ती आजारी पडली, बाळंतपणाला बसली, तर तिच्या पासवर जाऊ जाते, नणंद जाते, कधी सासूसुद्धा गेलेली आहे. खाडा पडला की दुसऱ्या गावची बाई उभी असतेच, म्हणून. ठेकेदाराला माणसाशी मतलब. दारावरचा वॉचमन पासचा रंग बघतो. आणि औषधाच्या कंपनीत आत गेलं की टोपी, मास्क, झगा. डोळे तेवढे दिसतात.

सुप्रिया वहिनी माझी मोठी जाऊ. अडीच वर्षं ती पॅकिंगला होती. मग रुद्र पोटात राहिला आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. ठेकेदार नागूशेठ स्वतः घरी आला, चहा प्यायला आणि मला म्हणाला, "तू ये गं हिच्या पासवर. सा मईन्यांचा तर प्रश्न हाय." दोन हजार अठराचा जानेवारी होता तो. रुद्र नाजूक निघाला, सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची तीन झाली. नवा ठेकेदार आला तेव्हा कुठे माझ्या नावाचा पास निघाला.

तीन वर्षं मी सुप्रिया होते. सुप्रिया म्हटलं की वळून बघायचे. पहिले दोन महिने वळायला उशीर व्हायचा, सगळ्यांना वाटायचं ही जरा बहिरी आहे. त्याच तीन वर्षांत मी काम शिकले. गोळ्यांच्या पट्ट्या मशिनमधून सरकत येतात, त्यात एखादा कप्पा रिकामा असला, एखादी गोळी कोपऱ्यात तुटलेली असली, तर ती उचलायची. पुढे पुढे मला बघावंही लागेना, हात आपोआप जायचा. मग मला चेकिंगला बसवलं आणि दर तासाच्या कागदावर सही करायला लावली. मी सही केली. सुप्रियाची.

"सात लिहा," मी अक्षयला म्हणाले.

"ताई, प्रूफ मागतील."

"मी बघते ना. काम मी केलंय. तुम्ही केलंय का?"

त्याने खांदे उडवले. "तुमच्या जबाबदारीवर," म्हणाला आणि चारचे सात केले. त्या कागदावर ते सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि तेच टाइप करताना तो माणूस घाबरत होता.

बुधवारचा दिवस मी घरात नुसत्या येरझारा घातल्या. भाकरी करपली. कपडे दोरीवर घातले, वाळायच्या आत काढले, परत घातले. दुपारी नागूशेठला फोन लावला. त्याने आता ठेकेदारी सोडून हायवेवर गॅरेज टाकलंय.

"शेठ, अनुभवाचं पत्र पायजे होतं. अठरा ते वीस."

"कोनाचं?"

"माजं. उज्वला. गायकवाडांची धाकटी."

"उज्वला नावाची बाई माज्याकडं नवती." मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"शेठ, तुमी घरी आलता. तुमीच म्हनला होता वहिनीच्या पासवर ये म्हनून."

"मी काय म्हनलो ते कागदावर हाय का? सुप्रियाचं पायजे तर आत्ता देतो. साडेपाच वर्सं, एक नंबर काम, सही-शिक्क्यासकट देतो. चांगली बाई होती."

मी फोन ठेवला. चांगली बाई होती म्हणे. त्यातली तीन वर्षं चांगली असणारी बाई हातात फोन धरून इकडे उभी होती.

वहिनी ओट्यावर बटाटे सोलत होती. तिने आणि भावजींनी नाक्यावर वडापावची गाडी टाकलीय, दुपारी सगळं तयार करून चारला जाते. तिने सगळं ऐकलं होतं.

"तू सांग ना तिकडं सरळ," ती म्हणाली. "माज्या नावावर हीच जात होती म्हनून मी येऊन सांगते. मला कोन खातंय?"

"तसं नसतं, वहिनी. तो गुन्हा होतो. तुज्या नावानं मी सही केलीय."

"गुन्हा?" तिच्या हातातली सुरी थांबली. "आगं, घरातली जागा घरात राखली. त्यात गुन्हा कसला?"

मला तिचा राग आला. तिने काही केलं नव्हतं, तरी आला. माझी तीन वर्षं तिच्याकडे होती आणि तिला ती कपाटात ठेवलेल्या साडीइतकीही आठवत नव्हती. मग तिने उठून माझ्यासाठी चहा टाकला, माझी उद्याची साडी इस्त्रीला दिली, पिनासुद्धा काढून ठेवल्या. मग मला माझाच राग आला. त्या दिवशी राग कुठे ठेवावा तेच कळत नव्हतं.

गुरुवारी मिलिंदने मला टेंपोने कंपनीच्या दारात सोडलं. माझा नवरा मुळात कमी बोलतो. "घाबरू नको, तुला काम येतं," एवढं म्हणाला आणि भाड्याला गेला.

आत गार हवा, पांढऱ्या खुर्च्या. माझ्या आधी सात जणी होत्या. मी बसायचे, उठायचे, पाणी प्यायचे, परत बसायचे. एका मुलीने विचारलं, ताई बरं वाटत नाहीये का? मी फोल्डर इतक्या वेळा उघडलं होतं की त्याचं बटण सैल झालं. मनात वाक्यं जुळवत होते. एकदा ठरवायचे, सरळ खरं सांगायचं. एकदा ठरवायचे, विचारलंच तर आधीच्या ठेकेदाराने पीएफ भरला नाही म्हणायचं. असे ठेकेदार असतात, कुणालाही पटलं असतं. पण त्याने भरला होता. एकेका महिन्याचा भरला होता, सुप्रियाच्या खात्यात.

माझं नाव पुकारलं. माझं, उज्वला गायकवाड. मी लगेच वळले.

टेबलामागे एक मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी आधी कामाचं विचारलं. पट्टीत रिकामा कप्पा गेला तर काय कराल, बॅच कधी थांबवाल, बारीक चूक कोणती आणि मोठी कोणती. मी धडाधड उत्तरं दिली. त्या मधूनच वर बघायला लागल्या, आणि तसं माणूस बघायला लागलं की आपलं काम होतंय हे कळतं. माझे हात पहिल्यांदा मांडीवर शांत बसले.

मग त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं.

"रिझ्युममध्ये सात वर्षं लिहिलीत. पीएफला चारच दिसतात. यातलं खरं काय?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं ठरवूनच उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात मागचं दार उघडून कुणीतरी फाइल घेऊन आत आलं आणि थबकलं.

"अगं सुप्रिया!"

मी वळले. जुनी सवय.

ठोंबरे साहेब होते. तीन वर्षं आमच्या लाइनचे साहेब. रागीट माणूस, पण मला चेकिंगला त्यांनीच बसवलं, बॅचचा कागद कसा भरायचा ते शेजारी उभं राहून त्यांनीच शिकवलं. दोन हजार वीसच्या दिवाळीनंतर ते नोकरी सोडून गेले आणि मग त्यांचा पत्ता नव्हता. केस सगळे पिकले होते, गळ्यात या कंपनीचं ओळखपत्र होतं.

"मॅडम, हिला डोळे मिटून घ्या," ते म्हणाले. खरोखर आनंदाने म्हणाले. "तीन वर्षं माझ्या हाताखाली होती. हिने पास केलेल्या बॅचमधली एक पट्टी परत आली नाही कधी. कोविडात सगळ्या बायका घरी बसल्या, ही चालत आलीय चौकवरून."

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. सात वर्षांत माझ्याबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं, आणि नेमकं आजच, इथेच. माझी तीन वर्षं पाहिलेला माणूस समोर उभा होता. आता कागद कशाला हवा?

मॅडमनी रिझ्युमकडे पाहिलं. "सुप्रिया? यांचं नाव उज्वला आहे. आधार पण उज्वलाचंच आहे."

"नाही हो, सुप्रिया. सुप्रिया गायकवाड. रोजच्या कागदावर सही आहे हिची, खाली माझी..."

आणि तिथे ते थांबले.

त्यांना कळलं. मला ते कळताना दिसलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तीन वर्षांच्या बॅचचे कागद, दर तासाला एक. वर सुप्रियाची सही, खाली त्यांची, की माझ्यासमोर हिनेच सही केली. औषधाच्या धंद्यात तो कागद म्हणजे सगळं असतं. एका खोट्या सहीवर माणसं घरी जातात. त्यांना निवृत्त व्हायला वर्ष-दोन वर्षं राहिली असतील. मी तीन वर्षं त्यांच्याकडून सगळं शिकले होते आणि रोज आठ वेळा त्यांना फसवलं होतं. मला ते फसवणं कधी वाटलंच नव्हतं. घरातली जागा घरात, एवढंच.

त्यांनी हातातली फाइल छातीशी धरली. माझ्याकडे बघत राहिले. ही तीच आहे म्हणाले तर स्वतः अडकणार, नाही म्हणाले तर मी खोटी पडणार. त्या रागीट माणसाला मी पहिल्यांदा गप्प पाहत होते, आणि ते मला बघवेना.

"साहेबांचा गैरसमज झालाय," मी म्हणाले. "सुप्रिया माझी मोठी जाऊ. तीच यांच्याकडे होती. आम्ही दोघी दिसायला थोड्या सारख्या आहोत."

ठोंबरे साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली. "हो," ते म्हणाले. "हो. मास्क असायचा ना." मग त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

"पण मग सात वर्षं?" मॅडमनी विचारलं.

"ती चूक आहे, मॅडम. कर्जतला पैसे देऊन करून घेतला हा रिझ्युम. दुसऱ्याच कुणाचं काहीही घातलं होतं त्याने. जर्मन येतं म्हणून लिहिलं होतं." मी हसूनही दाखवलं. "बाकीचं दुरुस्त केलं, हे राहिलं."

मॅडमही हसल्या. त्यांनी पेन घेतलं, साताच्या आकड्यावर सरळ रेघ मारली, शेजारी चार लिहिलं आणि खाली सही करायला कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली, माझी स्वतःची.

"काम तुम्हाला छान येतं," त्या म्हणाल्या. "पण पाचची अट वरून आहे, माझ्या हातात नाही. सॉरी." मग त्यांनी ठोंबरे साहेबांकडे पाहिलं. "सर इतकं सांगतायत तर जावेलाच पाठवा ना. पाच वर्षं भरतात का त्यांची?"

साहेबांचा रुमाल थांबला.

"भरतात," मी म्हणाले. "साडेपाच आहेत तिची."